नळातील पाण्याचा उलटा प्रवास
(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पाणीपुरवठ्याच्या संदर्भात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाण्याची पाळी असलेल्या दिवशी जळगाव किंवा धुळे शहरातील कोणत्याही गल्लीत पाणी येण्यापूर्वीच नळ उघडून ठेवलेले असतात. हंडे, कळशा, बादल्या ओळीने मांडलेल्या असतात. प्रथम नळातून फुसफुस असा आवाज येतो. काही वेळ नुसती हवाच बाहेर पडते, मग गढूळ पाण्याच्या दोनचार पिचकाऱ्या उडतात आणि त्यानंतर धार लागते. ही फुसफुस सर्वांच्या इतक्या परिचयाची झाली आहे, की तिचा अर्थ काय याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नळीत हवा होती, याचा अर्थ नळी रिकामी होती. मागच्या पाळीचे पाणी ओसरले तेव्हा त्या पाण्याची जागा घेण्यासाठी बाहेरून काहीतरी आत शिरले. हवा शिरली हे आवाजावरून समजते. हवेबरोबर आणखी काय शिरले, हे मात्र आवाज सांगत नाही.

पाणी जाण्याच्या वेळी याच्या उलट प्रकार घडतो. विभागाचा व्हॉल्व्ह बंद झाला, की उंचावरील घराच्या नळाच्या तोंडाशी तळहात धरून पाहावा. हात आत ओढला जातो. म्हणजे जो नळ क्षणापूर्वी पाणी देत होता, तोच आता शोषून घेत असतो. त्या वेळी नळाला जोडलेली रबरी नळी बादलीत बुडलेली असेल, तर बादलीतील पाणी हळूहळू नाहीसे होताना अनेक गृहिणींनी पाहिलेही असेल. ते पाणी जाते कोठे? ते सार्वजनिक जलवाहिनीत जाते आणि पुढच्या पाळीला उताराकडील एखाद्या घराच्या हंड्यात उतरते. पाण्याच्या या उलट्या प्रवासाकडे आजवर द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही.

खानदेशातील शहरांनी पाण्यासाठी कष्ट केले नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. जळगावने एके काळी मेहरुण तलावावर, नंतर गिरणेवर आणि पुढे वाघूर धरणावर भिस्त ठेवली. धुळे शहरासाठी नकाणे व डेडरगाव हे तलाव, तापीवरील योजना आणि पांझरेवरील अक्कलपाडा धरण अशी साधने उभी राहिली. लांबवरून पाणी उचलायचे, तुरटी देऊन गाळ बसवायचा, वाळूच्या गाळण्यांतून गाळायचे, क्लोरीन द्यायचे आणि उंच टाकीत चढवायचे, हे सारे खर्चाचे व कौशल्याचे काम आहे. या कामावर देखरेख असते, नमुने तपासले जातात, नोंदवह्या ठेवल्या जातात. परंतु टाकीतून उतरलेले पाणी जमिनीखालून कित्येक किलोमीटर जाते, आणि त्या वाटेवर त्याच्यावर कोणाचीही नजर नसते. शुद्धीकरण केंद्रात निर्मळ झालेले पाणी घरातील हंड्यात तसेच पोहोचते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या वाटेवर दडलेले आहे.

पाण्याला दिशा कळत नाही, त्याला केवळ दाब कळतो. जिकडे दाब अधिक तिकडून जिकडे कमी तिकडे ते जाते. नळीत दाब आहे तोवर नळीला भोक असले तरी पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. अशा गळतीत पाणी वाया जाते, पण आरोग्याला धोका नसतो. दाब नाहीसा झाला की तेच भोक प्रवेशद्वार बनते. बाहेरील वातावरणाचा भार थोडाथोडका नाही. समुद्रसपाटीला तो पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो. नळीतील दाब वातावरणाच्या दाबाहूनही खाली गेला, तर हा भार भोवतालचे पाणी नळीत ढकलतो. याला उलट शोषण म्हणता येईल. दुसरा प्रकार उलट दाबाचा. एखाद्या ठिकाणी पंप बसविला किंवा उंच टाकी जोडली आणि तेथील दाब सार्वजनिक नळीतील दाबापेक्षा वाढला, तर तेथील पाणी मागे रेटले जाते. पहिल्या प्रकारात पाणी ओढले जाते, दुसऱ्यात ढकलले जाते. परिणाम एकच.

दाबाने पाणी कसे वागते याचे प्रात्यक्षिक खानदेशाने फार पूर्वी पाहिले आहे. पुढे सर विश्वेश्वरय्या म्हणून ख्यातनाम झालेले तरुण अभियंता १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा आरंभीच्या काळात ते धुळ्यास होते. पांझरेच्या एका कालव्यासाठी नळ्यांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. अशा सायफनात पाणी एका काठाला नळीत उतरते, खालून जाते आणि पलीकडे जवळजवळ मूळ उंचीपर्यंत वर चढते. मोट नाही, रहाट नाही, केवळ दाब. ज्या नियमाने पांझरेचे पाणी ओहोळापलीकडे शेतात नेता आले, त्याच नियमाने गटारीतील पाणी नळात येऊ शकते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात १९३३ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशोदेशीचे पाहुणे तेथील हॉटेलांत उतरले आणि आपापल्या गावी परतल्यावर आमांशाने आजारी पडले. १,४०९ जणांना बाधा झाल्याची व ९८ जण दगावल्याची नोंद आहे. शोध घेता हॉटेलातील पिण्याच्या पाण्याच्या नळ्या आणि सांडपाण्याच्या नळ्या यांचा सदोष संबंध उघडकीस आला. त्या घटनेनंतर अमेरिकेतील नळकामाचे नियम कडक झाले.

दुसरे उदाहरण १९६९ सालचे, आणि ते खानदेशातील माणसाला अधिक ओळखीचे वाटेल. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरी होली क्रॉस नावाचे महाविद्यालय आहे. तेथील फुटबॉल संघाच्या सरावाच्या मैदानावर पाणी शिंपडण्यासाठी जमिनीत खड्डे करून नळ बसविलेले होते. त्या खड्ड्यांत पाणी साचे. जवळच्या घरातील मुले त्या पाण्यात खेळत, आणि त्या मुलांना काविळीची लागण झालेली होती. अशा स्थितीत एके दिवशी शहरात आग लागली. आग विझविण्यासाठी बंबांनी भरमसाट पाणी ओढले, त्या भागातील नळ्यांचा दाब कोसळला आणि खड्ड्यातील साचलेले पाणी पिण्याच्या नळीत शोषले गेले. खेळाडूंनी सरावानंतर ते पाणी प्याले. संघातील ९७ जणांपैकी ९० जणांना संसर्ग झाला आणि दोन सामन्यांनंतर त्यांना त्या वर्षीचा हंगाम सोडून द्यावा लागला. तेथे दाब कोसळायला आग लागावी लागली. आपल्याकडील अनेक शहरांत दर पाळीच्या अखेरीस दाब कोसळतो, आणि नळाचे खड्डे तर गल्लोगल्ली आहेत.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीचे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या प्रवाहाने आपली जागा बदलली आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबाद येथील, पाणी उचलण्याच्या ठिकाणाकडे उलट चढले. सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. शुद्धीकरण केंद्रातील जाणत्या कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविली होती. त्यामुळे विषमज्वर व आमांश यांचे रुग्ण वाढले नाहीत, पण काविळीचे विषाणू तेवढ्याने मेले नाहीत. त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे नव्या पद्धतींनी तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला तो अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ही कावीळ तोवर ज्ञात असलेल्या दोन प्रकारांहून निराळी असल्याचे त्यातून दिसून आले. तिलाच आज 'ई' प्रकारची कावीळ म्हणतात. कोल्हापूर शहरातील १९८१ सालच्या काविळीच्या साथीचाही याच संस्थेने अभ्यास केला. तीही पाण्यातूनच पसरलेली होती. ही कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत बरी होते. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जडली, तर दर पाच स्त्रियांमागे एक दगावण्याइतकी ती घातक ठरू शकते. घरात गर्भवती सून किंवा लेक असेल, त्या घराने नळाच्या खड्ड्याकडे केवळ सोयीची बाब म्हणून पाहू नये.

आता खानदेशातील परिस्थितीकडे वळू. येथील बहुतेक शहरांत पाणी अखंड नसते. ते दिवसाआड, दोन दिवसांआड येते आणि टंचाईच्या दिवसांत त्याहूनही लांबते. धुळेकरांनी तर कित्येक वर्षे आठवड्याच्या हिशेबाने पाणी भरले आहे. पाणी कमी असले की पाळी लावावी लागते, यात गैर काही नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळीनेच पाणी वाटून घेतले, आणि पाटकऱ्याच्या शब्दाला मान दिला. परंतु उघड्या पाटाला पाळी लावणे वेगळे आणि बंद नळीला पाळी लावणे वेगळे. पाट कोरडा पडला तर नुसता कोरडा पडतो. नळी कोरडी पडली की ती भोवतालचे शोषून घेऊ लागते.

भोवताली काय असते, ते कोणत्याही जुन्या वस्तीत फिरून पाहावे. मुख्य जलवाहिनी रस्त्याच्या मध्यातून जाते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी गटार असते. घरात नळ न्यायचा तर नळी गटार ओलांडूनच न्यावी लागते. नळकाम करणारा कारागीर सोपा मार्ग घेतो आणि नळी गटारीतून घालतो. लोखंडी नळी दहापंधरा वर्षांत सडते. तिला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, की पाळीच्या दिवशी त्यातून चिळकांडी उडते आणि उरलेले दिवस त्याच छिद्रातून गटारीचे पाणी आत झिरपत राहते. एकेका गल्लीत अशा पन्नास नळ्या असतात. पुष्कळदा एखाद्या घरी दूषित पाणी येते म्हणून तक्रार होते, कर्मचारी मुख्य वाहिनी उकरून पाहतात, ती धड असते. दोष असतो तीन घरांपलीकडच्या, गटारीत बुडालेल्या जोडणीत.

तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, जमिनीला हात हात खोल भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते. या आकुंचन-प्रसरणाने नळ्यांचे सांधे हलतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून नळ्यांभोवतीची माती भिजली, की सैल सांध्यांभोवती घाण पाणी साचते. पावसाळ्याच्या तोंडी गॅस्ट्रो व काविळीचे रुग्ण वाढतात, त्याचे एक कारण येथे आहे.

या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे नळाला थेट लावलेली विजेची मोटार. टिल्लू पंप या नावाने ती घराघरांत ओळखली जाते. पाणी हळू येते, शेजाऱ्याने मोटार लावली म्हणून आपल्यालाही लावावी लागली, असे जो तो सांगतो, आणि ते खोटे नसते. परंतु ही मोटार म्हणजे नुसती पाण्याची पळवापळवी नव्हे. पाणी चालू असतानाही ती नळीतील दाब वातावरणाच्या दाबाखाली नेऊ शकते. मग भर पाळीच्या वेळी गटारीतील छिद्रे आत ओढू लागतात. मोटार लावणाऱ्याच्या टाकीत शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याबरोबर गटारीचा अंशही येतो. मोटारी जप्त करण्याच्या मोहिमा शहरांत वेळोवेळी होतात. पण केवळ जप्तीने हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. ज्या टोकाच्या घरांना एरवी पाणीच मिळत नाही, त्यांच्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचविणे ही पाणीपुरवठा यंत्रणेची जबाबदारी आहे. एकमजली वस्तीत किमान सात मीटर उंचीचा दाब नळापाशी उरावा, असा संकेत केंद्र शासनाच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत होता. तो पाळला गेला, तर मोटारीची गरजच बहुतांशी उरणार नाही.

नळाचा खड्डा हे याच कमी दाबाचे दुसरे अपत्य. वर चढत नाही म्हणून नळ जमिनीखाली दोन-तीन फुटांवर घेतला जातो. खड्ड्यात सांडलेले पाणी, भांडी विसळलेले पाणी, पावसाचे पाणी साठते. तोटीचे तोंड, किंवा तोटीच नसेल तर उघडी नळी, त्यात बुडून राहते. पाणी गेले की खड्डा आपोआप रिकामा होतो आणि घरच्यांना बरे वाटते. खड्ड्यातील पाणी जमिनीत मुरले, अशी त्यांची समजूत असते.

अखंड पाणी आणि पाळीचे पाणी यांत किती फरक पडतो, हे महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या कर्नाटकातील हुबळी-धारवाड शहरांत मोजून पाहण्यात आले. तेथे काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी दिले गेले, बाकीच्या प्रभागांत पाळी चालू राहिली. पाणी एकाच व्यवस्थेतील. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळीच्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू आढळले, तर अखंड पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण ०.७ टक्के होते.

सार्वजनिक नळ्यांइतकाच घरातील व्यवस्थेकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. खानदेशात कूलरशिवाय उन्हाळा काढणे कठीण. कूलरची टाकी भरण्यासाठी नळाला रबरी नळी लावतात, तिचे टोक टाकीत टाकतात आणि ते तसेच ठेवून कामाला लागतात. कूलरच्या टाकीत कित्येक दिवसांचे, धूळ व अळ्या असलेले पाणी असते. पाणी गेले की नळी त्यातून शोषू लागते. हौद, रांजण, कपडे भिजवलेली बादली, गोठ्यातील गुरांची टाकी, सर्वांना हाच न्याय लागू आहे. याला अटकाव करणारे साधन जगात सर्वांत स्वस्त आहे. ते म्हणजे मोकळी जागा. नळाचे किंवा नळीचे टोक भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा नेहमी वर राहील अशी व्यवस्था करावी. तोटीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढे अंतर असावे असा नळकामाचा नियम आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर टाकी काठोकाठ भरली तरी पाणी आणि तोटी यांत आडवी धरलेली दोन बोटे मावली पाहिजेत. हवेला ओलांडून पाणी मागे जाऊ शकत नाही. झडप बिघडते, वायसर झिजतो, पण मोकळ्या जागेत बिघडण्यासारखे काहीच नसते.

जमिनीखालील टाकीचा प्रश्न थोडा निराळा आहे. पुष्कळ घरांत नळ थेट टाकीच्या तळाशी सोडलेला असतो, का तर पाण्याचा आवाज होऊ नये. तो टाकीच्या वरच्या काठाशी आणावा. टाकीचे झाकण अंगणाच्या फरशीपेक्षा वीतभर उंच ठेवावे आणि ती शौचकूपाच्या टाकीपासून दूर असावी. ज्या घरी विंधन विहीर आहे, तेथे तिची नळी आणि नगरपालिकेची नळी एकत्र जोडून मध्ये एक कॉक बसविण्याची पद्धत आहे. हा कॉक कोणीतरी एक दिवस बंद करावयास विसरतो, आणि विंधन विहिरीचा पंप आपले पाणी शहराच्या नळीत ढकलू लागतो. अशी जोडणी कोणत्याही सबबीवर असू नये. दोन्ही पाणी वेगवेगळ्या नळ्यांनी वरून टाकीत पडू द्यावे.

येथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा उल्लेख केला पाहिजे. शेतकऱ्यांत एन.आर.व्ही. या नावाने ओळखली जाणारी ही एकाच दिशेने उघडणारी झडप उपयुक्त खरीच, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. बारीक खडा अडकला किंवा क्षार साचले, तर ती पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. रुग्णालये, कापड रंगविण्याचे कारखाने, दूध प्रक्रिया केंद्रे, वाहने धुण्याची ठिकाणे अशा जागी मात्र चांगल्या प्रतीच्या झडपा बसवून त्यांची ठराविक मुदतीने तपासणी झालीच पाहिजे.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हा प्रश्न शेतापर्यंत जातो. ठिबक सिंचनाने जळगाव जिल्ह्याचे नाव देशभर झाले. ठिबकच्या नळीतूनच विद्राव्य खते देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. खताची टाकी किंवा व्हेंचुरी चालू असताना वीज गेली आणि पंप थांबला, तर नळीतील पाणी उताराने विहिरीकडे परत फिरते आणि आपल्याबरोबर खताचे द्रावणही नेते. पुष्कळ शेतांतील विहीर ही सालदाराच्या कुटुंबाची पिण्याची विहीरही असते. काही गावांत तर ग्रामपंचायतीची विहीर अशाच एखाद्या मळ्याला लागून असते. युरियासारख्या खतापासून बनणारे नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते, बाळ निळे पडते. म्हणून पंप आणि खताची जोडणी यांच्यामध्ये एन.आर.व्ही. बसविल्याखेरीज खत सोडू नये, आणि खत दिल्यावर काही वेळ नुसते पाणी चालवून नळ्या धुवाव्यात. फवारणीचे पिंप भरताना तर नळाची नळी औषधाच्या पिंपात कधीच बुडवू नये. बादलीने पाणी घालण्यास पाच मिनिटे अधिक लागतील एवढेच.

पाणी पोहोचविणाऱ्या यंत्रणेने करावयाच्या गोष्टी याहून मोठ्या आहेत. जलवाहिनी आणि मैलावाहिनी यांत किमान तीन मीटर अंतर असावे, तेवढी जागा नसेल तर जलवाहिनीचा तळ मैलावाहिनीच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर तरी उंच असावा, असा दंडक आहे. जळगावात अमृत योजनेखाली नव्या जलवाहिन्यांची आणि भुयारी गटारांची कामे हाती घेण्यात आली. अशा वेळी दोन्ही खात्यांच्या ठेकेदारांनी एकाच चरात आपापल्या नळ्या उरकून टाकल्या, तर पुढील पन्नास वर्षांचा धोका पुरला जातो. चर बुजविण्यापूर्वी अभियंत्याने स्वतः फीत लावून अंतर मोजणे, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास होय. घरजोडणी गटार ओलांडत असेल, तेथे ती गटारीच्या वरून किंवा मोठ्या व्यासाच्या संरक्षक नळीतून न्यावी.

व्हॉल्व्हमनचे काम साधे समजले जाते, पण गावाचे आरोग्य पुष्कळसे त्याच्या मनगटावर असते. व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर नळीत दाबाच्या लाटा उठतात आणि क्षणभर दाब शून्याखाली जातो. तो सावकाश फिरवावा. व्हॉल्व्हच्या खोलीत पाणी तुंबलेले असेल, तर आधी ते उपसावे आणि मग किल्ली लावावी. बुडालेल्या व्हॉल्व्हच्या सैल दोरीतून तेच पाणी नळीत शिरते.

आणि क्लोरीन. नळाच्या टोकाला दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असावे, विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५, असे भारतीय मानक सांगते. एवढ्याशा क्लोरीनने नळीत घुसलेल्या गटारीच्या पाण्याचा बंदोबस्त होईल, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. त्याचा खरा उपयोग खूण म्हणून आहे. टाकीपाशी क्लोरीन आहे, अलीकडच्या गल्लीत आहे आणि पलीकडच्या एकाच गल्लीत ते नाहीसे झाले आहे, तर त्या गल्लीत काहीतरी आत शिरते आहे, हे निश्चित. म्हणून ओ. टी. चाचणी टाकीखालच्या नळावर करून नोंदवहीत बरोबरची खूण करण्यात अर्थ नाही. ती शेवटच्या घरी केली पाहिजे. ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षकांनाही हेच लागू आहे. उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडरची शक्ती झपाट्याने घटते, तेव्हा ती उघड्या पोत्यात ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात ज्या गावाला लाल कार्ड मिळते, तेथे पुष्कळदा कारण विहिरीत नसते. ते गळक्या नळीत, नळाच्या खड्ड्यात, तोटी नसलेल्या जोडणीत असते, आणि यातील बरीचशी दुरुस्ती गावाच्या आवाक्यातील आहे.

पाळी चालू असेपर्यंत घरोघर काही पथ्ये पाळावी लागतील. आरंभीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना, शौचालयाला, अंगण धुण्याला वापरावे, फुकट दवडू नये. धार स्वच्छ झाल्यावर काही मिनिटांनी पिण्याचे पाणी भरावे. पाणी जाण्याच्या सुमारास तोटी बंद करावी. उघडी तोटी ठेवून पाणी आले की कळावे, ही सवय सोडावी लागेल. वास, रंग किंवा चव बदललेली दिसली तर त्याच दिवशी कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून घ्यावे. एकाच गल्लीत दोन घरी जुलाब किंवा कावीळ दिसली, तर ती आरोग्य केंद्राला सांगण्यासारखी बाब आहे, लपविण्यासारखी नाही.

अखंड पुरवठा हाच यावरील मूळचा इलाज, हे उघड आहे. सातारा जिल्ह्यात कराडलगतच्या मलकापूरने तो लहान गावालाही साधतो हे दाखवून दिले. मीटर लावले, गळती काढली, आणि पाणी चोवीस तास असल्याने साठवणुकीची व सांडण्याची सवय मोडली. खानदेशातील शहरांचा विस्तार, त्यांच्या जुन्या नळ्या आणि थकलेली पाणीपट्टी लक्षात घेता तेथवर पोहोचण्यास वेळ लागेल. तोवर एकेक विभाग हाती घेऊन तो नेहमी दाबाखाली ठेवण्याचा प्रयत्न करता येईल. नव्या नळ्या टाकून झाल्या, की जुन्या नळ्यांचे काय होते इकडे विशेष लक्ष हवे. घाईत काही घरे जुन्याच नळीवर राहतात, जुनी नळी एखाद्या वळणावर नव्या नळीला जोडलेलीच राहते, आणि सारा खर्च करूनही गटारीतील छिद्रांचा संबंध तुटत नाही. जुनी वाहिनी खणून काढणे शक्य नसेल, तर तिची दोन्ही तोंडे कायमची बंद करावीत, गल्लीतील प्रत्येक घराची जोडणी नव्या वाहिनीवर आल्याची घर क्रमांकवार यादी करावी आणि नकाशावर तशी नोंद ठेवावी. दहा वर्षांनी त्याच गल्लीत खोदकाम करणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याला कोणती नळी जिवंत आणि कोणती मेलेली, हे त्या नकाशावरूनच कळणार आहे.